फेकलेले कोणी उचलायचे?

आईची बाजू घेतली म्हणून देवराज झ्यूसने आपल्या मुलाला, हेफेस्टसला, ऑलिंपस पर्वतावरून खाली फेकले. तो लेम्नोस बेटावर आदळला आणि त्याचा पाय मोडला. मेलिटा नावाच्या म्हातारीने त्याला उचलून घरी नेले, चुलीपाशी निजवले आणि जवाची पेज पाजली. त्या चुलीपाशीच त्याची विस्तवाशी गट्टी जमली. पुढे तो असा लोहार झाला, की झ्यूसनेच त्याला परत बोलावून आपले एकुलते एक वज्र घडवून घेतले.

मेलिटाची गोष्ट झ्यूसला फार उशिरा कळली. त्याने भर दरबारात वज्र उगारले.

"मी फेकलेले कोणी उचलायचे नाही! ते बेट आज जाळतो."

हेफेस्टस लंगडत पुढे आला. "बाबा, हा नियम सगळ्यांनाच का?"

"देवांनासुद्धा! स्टिक्स नदीची शपथ!"

ती शपथ झ्यूसलाही मोडता येत नसे.

"मग खुशाल फेका. फक्त वज्राला एकदा डोळे भरून बघून घ्या. दरवेळी तुम्ही ते फेकता आणि मी खाली जाऊन उचलून आणतो. आता मलाही उचलता येणार नाही आणि तुम्हालाही."

झ्यूसचा हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला.

"म्हातारीची पेज एवढी चांगली होती का रे?" तो गुरगुरला.

"पेज अळणी होती, बाबा. पण माझी भट्टी अजून तिच्याच चुलीतल्या निखाऱ्यावर पेटते. तुमचे वज्रही त्यावरच तापले आहे."