केरबाचा ठोकळा

"...पण तिसऱ्या दिवशी भट्टी पेटवलीत कशी, बाबा?"

सटवाबाबा कोळसा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काडीनं," ते म्हणाले.

अंबादास हसला नाही.

अठरा वर्षं तो एका कारखान्यात पोलादाला पाणी देण्याचं, म्हणजे तापवून झटक्यात गार करून कठीण करण्याचं, काम करत होता. कारखाना बंद पडला तेव्हा बाबांकडे आला, हाताचं लोहारकाम शिकायला. त्याला दोन वर्षं झाली होती. चार महिन्यांपूर्वी बाबांचा एकुलता एक मुलगा केरबा तापाने गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची राख सावडून बाबा घरी आले आणि दुपारी भट्टीपुढे बसले. डोळ्यांत टिपूस नाही. गाव अजून त्यावर बोलत होतं. कुणी कौतुकाने, कुणी नाही.

अंबादास कौतुक करणाऱ्यांतला.

"माझी आई गेली तेव्हा महिनाभर मला हातोडा धरवला नाही. मला तुमच्यासारखं कठीण व्हायचंय."

"आधी हा ठोकळा बघू."

ठोकळा केरबाने आणलेला. भंगारात निघालेल्या एका मोठ्या प्रेसचा तुकडा, दोन माणसांना न हलणारा. बाबांची जुनी ऐरण मधोमध खचली होती, म्हणून त्याने तीन गावांची भंगारं पालथी घातली होती. महिनाभर घासून वरचं तोंड सपाट केलं. बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं : बाबांची ऐरण.

पाणी द्यायचं तेवढं राहिलं.

पाण्याशिवाय ती ऐरण नव्हती. चार घावांत तोंड दबलं असतं. आणि पाणी देताना तडकली, तर दुसरा ठोकळा नव्हता. मिळाला असता तरी तो केरबाने आणलेला नसता.

"अक्षरं जळतील, बाबा."

"जळतील."

"कागदावर उतरवून घेऊ का?"

"मला वाचता येत नाही. त्यानं वाचून दाखवलंय."

बाबांनी साखळी ओढली. ठोकळा तोंड खाली करून भट्टीत उतरला.

अडीच तास गेले. अक्षरं आधी पिवळी पडली, मग त्यांना फोड आले, मग ती उरली नाहीत. बाबा विस्तवाकडे बघत होते. अंबादास बाबांकडे.

"तुझं चुंबक काय म्हणतंय?"

अंबादासने तारेला बांधलेलं चुंबक ठोकळ्याला लावून पाहिलं. "चिकटत नाही. म्हणजे पुरतं तापलं. काढू?"

"थांब."

"चुंबक खोटं बोलत नाही, बाबा."

"घाई मात्र करतंय."

बाबांनी खिडकीवर गोणपाट टाकलं. अंधारात तापल्या पोलादाचा रंग खरा दिसतो. ते वाकून बघत राहिले...

"काढ."

साखळी करकरली. ठोकळा बाहेर आला, वळला, तोंड वर करून फरशीवर बसला. छपरावरच्या पिंपातून आलेला रबरी पाइप अंबादासने हातात घेतला आणि तोंडाच्या मधोमध धार सोडली.

वाफेत दोघंही दिसेनासे झाले. पोलाद किंचाळत होतं. हळूहळू किंचाळणं उतरलं. मग नुसतं सळसळणं.

"बस," बाबा म्हणाले.

"अजून नाही. आत लाल आहे."

"बस म्हणतोय."

"आता थांबलो तर तोंड मऊ राहील! कारखान्यात आम्ही पार गार करायचो. मग दुसऱ्या भट्टीत हळू तापवून ताठरपणा उतरवायचो, म्हणजे तडकत नाही."

"दुसरी भट्टी कुठाय?"

अंबादासने पाइप हलवला नाही. तालुक्यात अशी कठीण ऐरण नसेल, असं तो गावभर सांगून बसला होता.

टिक्.

एवढासाच आवाज. नखाने वाटीला टिचकी मारावी तसा.

अंबादासचा चेहरा उतरला. हात तसाच. धार चालूच.

बाबांनी पुढे होऊन त्याच्या हाताजवळ पाइप दुमडला आणि मुठीत घट्ट धरला. पाणी थांबलं.

"बाबा... गेली का?"

दुसऱ्या हाताने बाबांनी विटेचा तुकडा उचलला आणि ऐरणीच्या तोंडावर एक पट्टा घासला. काळ्या खपलीखालून पांढरंशुभ्र पोलाद निघालं.

"बघ."

"काय बघू?"

"बघ म्हटलं ना."

पट्टा पांढराच होता. अंबादास श्वास मोजत होता.

मग पट्ट्याच्या कडेला पिवळेपणाची पुसट छटा आली. ती सरकत मधे आली. गव्हाच्या काडाचा रंग.

"रंग चढतोय," अंबादास पुटपुटला. "कारखान्यातल्या भट्टीत चढायचा तसाच... विस्तव नसताना?"

"आतनं येतोय."

रंग आणखी गडद होऊ लागला तशी बाबांनी मूठ सोडली. "मार पाणी. तोंडापुरतंच."

पिवळा रंग जिथल्या तिथे थांबला.

बाबांनी छोटा हातोडा घेतला. हात वर नेला आणि क्षणभर तसाच ठेवला... मग हातोडा नुसता सोडला. तो तोंडावरून टणकन उसळून परत त्यांच्या हातात आला. नाद बराच वेळ घुमत राहिला. त्यात कुठे चीर नव्हती.

अंबादास वाकून ऐरणीभोवती बघू लागला. तेव्हा त्याला दिसलं. ऐरणीखालची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली होती.

"फरशी होय! जीव गेला होता माझा," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "घण मारून बघू?"

"आज नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत, बाबा. त्या दिवशी भट्टी..."

बाबांनी त्याचं मनगट धरलं. तळहात ऐरणीच्या वरच्या तोंडावर ठेवला. तोंड कोमट होतं. मग तोच हात खाली नेला, बाजूवर, जिथे अक्षरं होती तिथे.

अंबादासने झटक्यात हात मागे घेतला. तळव्याकडे बघत राहिला.

बाबांनी खिडकीवरचं गोणपाट काढलं, ऐरणीच्या त्या बाजूला अंथरलं, आणि गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले.

"तू जेवून घे," ते म्हणाले. "ही आतनं निवेपर्यंत मी इथनं उठत नाही."