नदीत सोडलेली तांब्याची दारं

हसा, खुशाल हसा. चंद्रावर माणूस धाडणारा राजा होता म्हटलं, की या घरात आजवर एकानंही माझं खरं मानलेलं नाही. तुमचा बाप लहान होता तेव्हा तोही असाच दात काढायचा. ऐकायचं नसेल तर भिंतीकडे तोंड करून पडा. मी सांगणारच.

तर त्या राजाला चंद्रावरचा डाग कशाचा, हे जाणून घ्यायचं होतं. एक शास्त्री म्हणे ससा आहे, दुसरा म्हणे हरीण. राजा म्हणाला, भांडता कशाला, कुणीतरी जाऊन बघून या. मग त्यानं अग्निबाण करवला, ताडासारखा उंच. टोकाला तांब्याची खोली, एक माणूस बसेल एवढी. आतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटी लाखेनं बुजवल्या.

त्या गावात सगुणा नावाची बाई राहायची. हिरू आणि मानू हे तिचे मुलगे, आणि धाकटी चिमा. तिघांनाही वर जायचं वेड. मग मार्गशीर्षातल्या कडाक्याच्या थंडीत, ज्योतिषानं काढलेल्या मुहूर्तावर, थोरला हिरू बाणात बसला. बाण ढगांच्याही वर गेला. आणि मग दगडासारखा खाली आला, बरं का. पोरगं गेलं. बाणाचे तुकडे शेतात पडले.

राजानं विचारलं, चूक कुणाची? दरबार म्हणाला, वाऱ्याची. भंगलेली मूर्ती आपण घरात ठेवत नाही ना, तसंच झालं. राजानं हुकूम केला आणि तुकडे वाजतगाजत नदीत सोडले. सगुणा म्हणत होती, कुठं मोडलं ते मला एकदा बघू तरी द्या. तिला साडीचोळी देऊन घरी लावून दिलं. म्हणे, भंगलेल्याकडे बघणं अशुभ.

मग दुसऱ्या वर्षी तोच मुहूर्त, तसाच बाण, आणि आत मधला मानू. तोही तसाच पडला. चूक कुणाची? या खेपेला राहूची. तुकडे पुन्हा नदीकडे निघाले. सगुणा वाटेत आडवी पडली. शिपायांनी तिला उचलून बाजूला ठेवलं. लोक म्हणाले, पोरांच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. शहाणे मेले.

मग तिसरा बाण उभा राहायला लागला. चिमा म्हणाली, आई, आता मी जाते. सगुणानं तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. उन्हाळ्यानं नदी आटली होती. ती पदर खोचून गाळात उतरली. दोन्ही बाणांची तांब्याची दारं फरफटत दरबारात आणली आणि राजापुढे टाकली, चिखलासकट.

"आधी हे बघा," ती म्हणाली, "आणि मग माझी लेक मागा."

राजानं दारांवरून बोट फिरवलं. दोन्हींची लाख एकाच कोपऱ्यात तडकलेली. तिथूनच हवा सुटली, पोरं गुदमरली आणि बाण सावरायला कुणी उरलं नाही. बाण करणाऱ्या मिस्त्रीनं पुढं येऊन तडा नखानं उकरून पाहिला.

"थंडीनं तडकलीय, महाराज," तो म्हणाला. "हे पहिल्याच वेळी दिसलं असतं. मानू वाचला असता."

 

मग लाख काढून तिथं मऊ कातडं बसवलं. बर्फाच्या डोंगरावर नेऊन ठेवलं, फाटलं, दुसरं आणलं. ते टिकलं, मग चिमा वर गेली. आणि परत आली. राजानं विचारलं, ससा की हरीण? ती म्हणाली, दोन्ही नाही. नुसते खड्डे आहेत. जिथं जे आदळलं त्याची खूण तशीच ठेवलीय, कुणी बुजवलेली नाही.

राजाची मान खाली गेली.

पुढं खूप बाण गेले आणि सुखरूप आले. राज्य आनंदात राहिलं. सगुणाही राहिली. पण चिमा वर गेली, की ती येईपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. ती दोन्ही दारं राजवाड्याच्या फाटकाशी उभी केली, येताजाता सगळ्यांना दिसतील अशी. चूक कुणाची, ते राजानं त्यांवर कोरून घेतलं. वाऱ्याची नाही, राहूची नाही, मिस्त्रीचीही नाही. तुकडे बुडवायचा हुकूम ज्यानं दिला त्याची, म्हणजे स्वतःची.

चला, मिटा डोळे. काय रे, राजाचं नाव काय कोरलं होतं म्हणून विचारतोस? ऐक आणि झोप.

सुवर्णकेतू.