गॉर्गनचे डोळे

ग्रीस देशातल्या एका डोंगरगावात क्लिओमेनीस नावाचा म्हातारा पुढारी होता. शेजारच्या गुहेत गॉर्गन राहायची. तिच्या डोक्यावर केसांऐवजी साप, आणि तिच्याशी नजर भिडली की माणसाचा जागीच दगड. दरवर्षी तिला नैवेद्य घेऊन कुणी जायचं, ते म्हातारा ठरवायचा. का? तर तरुणपणी तो म्हणे तिच्याशी लढला होता.

यंदा त्यानं मिर्टोचं नाव घेतलं. कुंभाराची ही पोर भरसभेत तोंड उघडते, एवढाच तिचा गुन्हा.

मिर्टो उठली. "आजोबा, तिचे डोळे कसे आहेत हो?"

"पिवळेजर्द! पाच हातांवरून रोखून पाहिलेत मी."

"मग तुमचा दगड कसा नाही झाला?"

सभा खुदखुदली. म्हातारा गडबडला. "मला... मला देवांचं वरदान आहे! तिची नजर मला बाधत नाही."

"असं होय!" मिर्टोनं नैवेद्याची टोपली उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "मग जा की तुम्हीच. इतकी वर्षं आमच्या पोरांना धाडून त्यांचे दगड कशाला केलेत?"

आता कुणीच हसलं नाही. सगळं गाव म्हाताऱ्याकडे बघत उभं राहिलं, आणि गुहेची पायरीही न चढता म्हाताऱ्याचा दगड झाला.