चंडोल थोर की नाकतोडा?

एका राज्यात, जिथे गवताचा माळ सरता सरत नसे, वीरकेतू नावाचा राजा राज्य करी. त्याला दोन लेकी. थोरली इंदुलेखा, धाकटी मृगावती. राजाचा जीव दोघींवर होता, पण खोड मेली भारी वाईट! जेवताना, दरबारात, पाहुण्यांसमोर तो एकीला दुसरीशी ताडून पाही. "इंदूचा गळा गोड, मृगेचा भसाडा. मृगा चपळ, इंदू मंद." लेकी खाली मान घालून ऐकत. राजाच तो, त्याला कोण गप्प बसवणार?

गादी कोणाला द्यावी हे ठरेना, तेव्हा राजा लेकींना घेऊन माळावरच्या कंकाली चेटकिणीकडे गेला. म्हणाला, "यांतली थोर कोणती, ते दाखव."

"दाखवते," असे म्हणून कंकालीने मूठभर माती फुंकली. इंदुलेखेचा चंडोल झाला, मृगावतीचा नाकतोडा. "आता तूच ताडून पाहा, राजा. तीन निवाडे दे. त्याशिवाय माणसांत कोणी परत येणार नाही."

राजाने कपाळ बडवून घेतले, तिचे पाय धरले. चेटकीण जागची हलली नाही.

पहिला निवाडा गाण्याचा. चंडोल गात गात सरळ आभाळात चढला. दिसेनासा झाला तरी त्याचे गाणे खाली झरत राहिले. नाकतोड्याला बिचाऱ्याला गळाच नाही. त्याने मांडी पंखावर घासून किर्र किर्र केले. खरे सांगायचे तर गवतातल्या जिवांना तेवढेही पुरत होते. पण राजा सवयीने बोलून गेला, "चंडोल थोर." त्याबरोबर नाकतोड्याचा मागचा एक पाय गळून पडला.

दुसरा निवाडा उडीचा. उरल्या पायावर नाकतोड्याने अशी झेप घेतली की राजा बघतच राहिला. चंडोलाला पंख न उघडता एक ढेकूळही ओलांडवेना. राजाला धाकटीची दया आली होती. तो म्हणाला, "नाकतोडा थोर." चंडोलाचा एक डोळा मिटला तो पुन्हा उघडलाच नाही.

अरे, दया करायची तीही एकीला खाली पाडून! काय म्हणावे अशा बापाला?

तिसरा निवाडा भुकेचा. कंकालीने दोघांना एका पिंजऱ्यात कोंडले. दाणा नाही, पाणी नाही. चंडोल नाकतोडे टिपून खातो, हे राजालाही ठाऊक होते.

"जी उरेल तिला थोर म्हण," कंकाली म्हणाली. "तेवढी तुला परत मिळेल."

दिवसामागून दिवस गेले. चंडोलाची छाती खोल गेली, शेंडी लुळी पडली. तेव्हा नाकतोडा लंगडत त्याच्या चोचीपाशी आला.

"ताई, मला खा."

"गप्प बस."

"तू गातेस. मी नुसती किरकिरते. बाबाच म्हणतात ना?"

"बाबांचं नको ऐकूस. ये, पंखाखाली ये. ऊन फार आहे."

राजाने पिंजऱ्याचे गज गच्च धरले. तो ओरडला, "कंकाली, हा शाप ठेवलास तरी कुठे? सांग, मोडून टाकतो!"

"मी कुठे ठेवणार? तो तुझ्या जिभेवर आहे. या जन्मल्या तेव्हापासून तिथेच आहे. मी त्याला फक्त रूप दिले."

राजाने कमरेची कट्यार उपसली आणि जीभ बाहेर काढली. त्यापुढचे माझ्याच्याने सांगवत नाही. रक्त गवतावर सांडले, पिंजऱ्याचा भुगा झाला, आणि तिथे दोन लेकी उभ्या राहिल्या. एक लंगडी, एक एका डोळ्याने आंधळी. कंकाली त्यानंतर माळावर कोणाला दिसली नाही.

दोघी एकाच गादीवर बसल्या. राज्याची घडी बसली, प्रजा सुखाने नांदू लागली.

मृगावती रोज आपल्या हाताने बापाला पेज भरवी. एके दिवशी वाटी खाली ठेवून तिने विचारले, "बाबा, मी तुम्हाला आवडत होते ना?"

राजाने मान हलवली. पुन्हा हलवली, पुन्हा पुन्हा हलवली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले तरी हलवीत राहिला. पण पोरीला ते एकदा कानांनी ऐकायचे होते.