राजधानीला पाठवलेलं पाणी

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा घड्याळं नव्हती, तरी लोकांना उशीर व्हायचा तो व्हायचाच. वेळ मोजायला गावोगावी एक भांडं असे. त्याच्या बुडाला बारीकसं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते सोडायचं. भोकातून पाणी हळूहळू आत चढे, आणि भांडं भरून बुडालं की एक घटका झाली असं धरायचं.

त्या राज्याच्या अगदी कडेला, खाडीच्या तोंडाशी एक बेट होतं. बेटावर घटका मोजायचं काम एका बाईकडे होतं. ओहोटी लागली की गावच्या बायका समोर उघड्या पडलेल्या वाळूवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला जात. सहावी घटका बुडाली की हिने शंख फुंकायचा आणि सगळ्यांनी माघारी फिरायचं. कारण वाटेत एक खोलगट जागा होती, आणि भरतीचं पाणी आधी तिथे शिरायचं.

पूर्वी बेटावर नारळाच्या करवंटीने घटका मोजत. मग राजाने फर्मान काढलं की राज्यभर घटका एकच हवी. राजधानीतल्या तांबटाने एका मापाची, एका भोकाची तांब्याची भांडी घडवली आणि ती गावोगाव फुकट वाटली. भांडं देखणं होतं. बेटावरच्या लोकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि करवंटी काढून टाकली.

पुढच्याच उधाणाला शंख वाजला तेव्हा खोलगटात पाणी छातीला लागलं होतं. बायका एकमेकींचे हात धरून कशाबशा आल्या. एक आली नाही. ती घटका मोजणारीची धाकटी बहीण होती. दोघींना एकमेकींशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

"डोळा लागला असेल गो तुझा," गावचा म्हातारा नाखवा म्हणाला. "तांब्याचं भांडं थोडंच झोपतं?"

"नाखवा, पापणी लवली नाही माझी. सहा घटका मोजल्या मी."

"मग पाणी कसं आलं?"

गावाने तिच्याकडून शंख काढून घेतला आणि लांबच्या वाळूवर जाणं सोडलं. पाण्याची होडी मुख्य भूमीवरून आली की बायका बोलत बोलत हंडे भरायच्या. ही आली की गप्प व्हायच्या. घरी ती सवयीने दोघींचा भात टाकायची आणि उरलेला दुसऱ्या दिवशी खायची. लोकांचं बोलणं तिने सोसलं असतं. पण बसल्या बसल्या तिलाच वाटायला लागलं, की खरंच लागला असेल का डोळा? आपणच बुडवलं का तिला? हे एकदा कळल्याशिवाय तिला जगणं अवघड झालं होतं.

तिने तांबटाला पत्र लिहिलं, "भांडं बिघडलं आहे. बघावं." सोबत भांडं पाठवलं.

महिन्याने भांडं परत आलं. तांबटाने लिहिलं होतं, "इथे बरोबर बुडतं. मोजणाराचा डोळा तपासावा." नाखव्याने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने वाचायची तशी काही गरज नव्हती.

एके दिवशी बहिणीचं सामान आवरताना मिठाच्या मडक्यात तिला ती जुनी करवंटी सापडली. टाकून दिलेली करवंटी बहिणीने मीठ काढायला ठेवली होती, त्यासाठी भोक मेणाने बुजवलं होतं. हिने मेण काढलं आणि घंगाळात करवंटी आणि भांडं शेजारी शेजारी सोडलं. करवंटी बुडाली. भांडं तरंगतच होतं. सहाव्यांदा करवंटी बुडाली तेव्हा तर भांडं चांगलंच मागे पडलं होतं. ती तिथेच बसून खूप रडली. डोळा लागला नव्हता.

पण हे आता दुसऱ्याला पटवायचं होतं. तिने चार पानं भरून लिहिलं. बहीण कशी होती ते लिहिलं, गाव कसं वागतं ते लिहिलं, तांबटाला चार शब्द सुनावलेही. करवंटी आणि भांडं दोन्ही पाठवली. खरं सांगायचं तर त्या चार पानांत सगळं होतं, फक्त तांबटाच्या उपयोगाचं काही नव्हतं.

दोन्ही परत आली, सोबत उत्तर, "दुःख समजलं. दोन्ही सोडून पाहिली. करवंटी घाई करते. भांडं बरोबर आहे."

त्या पत्रावर चिडायचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. पण वाचता वाचता एक गोष्ट तिच्या मनात अडकली. इथे करवंटी बरोबर आणि भांडं मागे. तिथे भांडं बरोबर आणि करवंटी पुढे. भांडं तेच, करवंटी तीच. मग तिथे असं काय आहे, जे इथे नाही?

दुसऱ्या दिवसापासून तिने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. घंगाळ सावलीत ठेवलं, फरक नाही. घंगाळ बदललं, फरक नाही. डाव्या हाताने भांडं सोडलं, तरी नाही. हे सगळं तिने कागदावर मांडून ठेवलं, डाव्या हाताचंसुद्धा. उरलं होतं पाणी.

बेटावर गोडं पाणी होडीने यायचं, माणशी एक हंडा. भांडं सोडण्यात ते कोण घालवील? घंगाळ नेहमी खाडीच्याच पाण्याने भरलेलं असे. त्या दिवशी तिने वाट्याला आलेला हंडा घशाखाली घोटभरही न घालता दुसऱ्या घंगाळात ओतला. गोड्या पाण्यात भांडं सोडलं, खाऱ्या पाण्यात करवंटी सोडली, आणि दुपारभर त्यांच्यासमोर बसून राहिली.

सहाव्यांदा दोन्ही बरोबरच बुडाली.

मग तिने गोड्या पाण्याच्या घंगाळाला तोंड लावलं आणि तहान भागेपर्यंत पाणी प्यायली.

तिसऱ्या पत्रात तिने अवघ्या चार ओळींत लिहिलं. मी हे केलं. असं व्हायला हवं होतं. तसं न होता असं झालं. हे भांडं तुमच्या पाण्यात नको, सोबतच्या पाण्यात सोडून बघा. त्याखाली, करून पाहिलेल्या गोष्टींची यादी जोडली, आणि खाडीचं पाणी घागरीत भरून तोंड पक्कं बांधलं.

"राजधानीला पाणी धाडतेस?" नाखवा घागर होडीत ठेवताना हसला. "तिकडच्या विहिरी आटल्या काय गो?"

कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिची थट्टा केली होती. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं.

या वेळी उत्तर आलं नाही. तांबट स्वतःच आला. जाडजूड, घाम पुसणारा, होडीला घाबरणारा माणूस. त्याने गावाच्या मधोमध दोन घंगाळं मांडली. एकात सोबत आणलेलं गोडं पाणी ओतलं, दुसऱ्यात खाडीचं. दोन्हींत सारखीच दोन भांडी सोडली. सगळं गाव भोवती बसलं.

गोड्या पाण्यातलं भांडं सहाव्यांदा बुडालं.

"शंख आत्ता वाजायला हवा होता," तांबट म्हणाला.

खाऱ्या पाण्यातलं भांडं अजून तरंगत होतं. नाखवा ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. तीनशे झाले, चारशे झाले. तेवढ्या वेळात खोलगटातलं पाणी गुडघ्यावरून छातीला येतं, हे बेटावर कोणाला सांगावं लागत नाही. अखेर भांडं बुडालं तेव्हा नाखव्याने मान खाली घातली. मग तो उठला, घरातून शंख घेऊन आला आणि तिच्या पायाशी ठेवला.

"खारं पाणी भांड्याला जरा जास्त उचलून धरतं," तांबट म्हणाला. "आणि सुकलं की भोकात मीठ धरतं. तुमची करवंटी इथल्याच पाण्यात जोखलेली, मी जन्मभर गोड्या पाण्याच्या हौदात भांडी तपासली. बाई, चूक माझी होती."

त्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. किनाऱ्यावरच्या पाच गावांतली पत्रं होती ती. प्रत्येकात एवढंच लिहिलेलं, 'भांडं नीट चालत नाही.'

"या सगळ्यांना मी तुला धाडलं तेच उत्तर धाडलं."

तिने ती पत्रं एकेक करून हातात घेतली. म्हणजे आणखी पाच किनाऱ्यांवर आणखी पाच माणसं अशीच, गावात राहून एकटी बसली होती.

"त्या गावांत मोजायला कोण बसतं?" तिने विचारलं.

"कधी विचारलं नाही," तांबट म्हणाला.

तांबटाने किनाऱ्यासाठी वेगळ्या भोकाची भांडी घडवली, आणि पुढे त्याच्या कारखान्यात राज्यातल्या प्रत्येक मुलखाच्या पाण्याचं एकेक घंगाळ भरून ठेवलेलं असे. पण ते नंतरचं. त्या दिवशी शंखाला हात लावण्याआधी तिने पाच पत्रं लिहिली. नावं ठाऊक नव्हती, म्हणून वर नाव नव्हतं, खाली फक्त आपल्या बेटाचं होतं. आत एकच ओळ होती, 'तुझा डोळा लागला नव्हता.'

महिन्याभराने होडीतून एक अनोळखी बाई उतरली. केस पांढरे, हातात बोचकं. दारात उभी राहून तिने विचारलं, "पत्र तूच धाडलंस ना, बाय?"

हिने तिला आत घेतलं. चुलीवर नेहमीसारखा दोघींचा भात होता. त्या दिवशी तो उरला नाही.

ज्याचं भांडं अडलं त्याने आपलं पाणी सोबत पाठवावं, आणि ज्याने भांडं घडवलं त्याने ते त्या पाण्यात सोडून पाहिल्याशिवाय कोणाच्या डोळ्याला दोष देऊ नये.