एकतीस तारखांचा गैरहजर

परदेशातून शिकून आले आणि फौजदारी न्याय या विषयात पीएचडीला नाव नोंदवलं. खटला न चालताच सहा वर्षं तुरुंगात असलेला इरबा मस्के हे माझ्या प्रबंधातलं मुख्य प्रकरण. ते वाचून तरी कुणी त्याची फाइल उघडेल, अशी माझी आशा होती.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून निवृत्त न्यायाधीश हुपरीकर होते. ते म्हणाले, "कोर्टाच्या रोजनाम्यात स्वच्छ लिहिलंय, एकतीस तारखांना आरोपी गैरहजर. चूक त्याचीच आहे, पोरी. हे प्रकरण काढून टाक."

"काढते, साहेब. फक्त त्या तारखांना तो कुठे होता, ते बघा." मी तुरुंगाच्या हजेरीवहीची नक्कल पुढे सरकवली. एकतीसही दिवस इरबा तिथे हजर होता. त्याला कोर्टात न्यायला पोलीसच मिळाले नव्हते. "सरकार त्याला रोज दोनदा मोजत होतं, साहेब. कोर्टाने बोलावलं, की तेवढा सापडत नव्हता."

हुपरीकरांनी चष्मा पुसला आणि प्रबंध मंजूर असल्याची सही केली.

डॉक्टर झाल्याचं सांगायला मी तुरुंगात गेले. इरबा हसला.

"लई बरं झालं, ताई. काल माझी तारीख व्हती. न्यायला कुनी आलंच न्हाई."