किंजळाच्या फटीतला आवाज

मुलांनो, गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण आधीच सांगून ठेवते, मधे माझा आवाज चढेल. चढला तर चढू द्या. काही गोष्टी शांतपणे सांगता येतच नाहीत.

घाटाच्या पायथ्याशी दाट रान होतं आणि त्या रानातल्या एका उंच बेहड्यावर धनेश पक्ष्याचं जोडपं राहत असे. धनेशांची एक जुनी रीत आहे. अंडी घालायची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने आणि विष्ठेने लिंपून टाकते. चोच बाहेर येईल एवढी एक उभी फट तेवढी ठेवते. आत तिची जुनी पिसं झडतात, त्यामुळे बरेच दिवस तिला उडता येत नाही. तोवर तिला आणि पिल्लांना जगवायचं काम एकट्या नराचं. तो गळ्यात उंबरं भरून आणतो, फटीशी बसतो आणि एकेक उंबर आत देतो. आतलं त्याला काही दिसत नाही. चोच पुढे येते, तो घास देतो. फटीत टाकलेला घास वाया जात नाही, हे त्याने आपल्या बापाकडे पाहून शिकलेलं असतं.

आपला धनेश कामसू होता, ते मी नाकारत नाही. ढोलीत मादी होती, दोन पिल्लं होती, एक अंगाने बरं आणि एक किरकोळ. फळांनी लगडलेला उंबर मात्र पार ओढ्यापलीकडे. दिवसभर खेपा घालून त्याचे पंख भरून येत. अशाच एका सकाळी तो उंबरावर दम खात बसला होता, तेव्हा शेजारच्या फांदीवर साळुंकी येऊन बसली.

"काय हो, किती दमता!" साळुंकी म्हणाली. "एवढ्या खेपा कशाला मारायच्या? पलीकडच्या किंजळाच्या झाडाला एक फट आहे. एक उंबर टाकलं की दोन मिळतात."

"कोण देतं?" धनेशाने विचारलं.

"कोण का देईना! तिथली मजाच ती आहे. तो आपलं नाव सांगत नाही, तुमचं विचारत नाही. बायकोला कळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळत नाही. मी स्वतः कालच चाळीस उंबरं घेऊन आले."

खोटारडी! चाळीस उंबरं एवढीशी साळुंकी नेणार कशी, हे त्या शहाण्याला विचारायला सुचलं नाही. एका गिऱ्हाइकामागे तिला पिकलेली करवंदं मिळत होती, आणि तेवढ्यासाठी ती दिवसभर गोड गळ्याने साऱ्या रानाला आमंत्रणं देत हिंडत होती.

धनेश किंजळापाशी गेला. बघतो तर काय, ढोलीचं तोंड छान लिंपलेलं आणि मधे उभी फट, अगदी त्याच्या घरासारखी. तिथेच तो फसला. माकड असतं तर आधी हात घालून चाचपलं असतं, खारीने झाडाला चार फेऱ्या मारल्या असत्या. हा मात्र जन्मभर न दिसणाऱ्या चोचीत घास देत आलेला. लिंपलेली फट दिसली आणि याचा जीव निर्धास्त झाला.

"टाक एक उंबर," आतून आवाज आला. "मी गुंज उडवतो. लाल बाजू वर की काळी, तू सांग."

"लाल," धनेश म्हणाला.

"लालच आली! घे दोन." आणि खरोखर फटीतून दोन उंबरं बाहेर आली.

आता तुम्हीच सांगा, हा काय खेळ झाला? गुंज उडवली आतल्याने, पाहिली आतल्याने, आणि निकालही सांगितला आतल्यानेच! बाहेरच्याने फक्त उंबर टाकायचं आणि मान डोलवायची. पण पहिल्या दिवशी धनेश चार वेळा जिंकला आणि त्याला वाटलं, आपल्याला या खेळातलं मर्म सापडलं. जिंकवून चटक लावायची असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या मोठ्या शिकलेल्यांच्याही येत नाही, म्हणून तर मला संताप येतो.

दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, "अरे, एवढी उंबरं तू नेणार कशी? त्यापेक्षा गुंजा घे. आज एका गुंजेला चार उंबरं. पुढे सहा होतील, मग दहा. हवी तेव्हा आणून दे, उंबरं घेऊन जा."

धनेशाला ते पटलं. लालचुटूक, चकचकीत गुंजा! ओढ्याकाठच्या वेलीवर त्या फुकट लोंबत असतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण याच गुंजा फटीतून बाहेर आल्या की त्यांना मोल चढत होतं. तो हरला की हट्टाने पुन्हा उंबर टाकायचा आणि जिंकला की गुंजा घेऊन बेहड्याच्या खोबणीत साठवायचा. गळ्यात भरलेल्या उंबरांपैकी निम्मी किंजळाच्या फटीत जाऊ लागली. मग निम्म्याहून जास्त. मग घरी पोचेपर्यंत गळ्यात दोन-तीनच उरू लागली.

"अहो, आज एवढंच?" मादी फटीतून म्हणाली. "धाकट्याला अजून काहीच मिळालं नाही."

"उंबर संपत आलाय. लांब जावं लागतं," धनेश म्हणाला.

धडधडीत खोटं! उंबर लगडलेला होता. ती बिचारी बंद ढोलीत, पिसं झडलेली, तिला बाहेरचं काय दिसणार? तिने विश्वास ठेवला. स्वतःच्या वाटचं पिल्लांना दिलं आणि स्वतः उपाशी राहिली. आणखी चार दिवसांनी तर धनेश रिकाम्या गळ्याने आला. चोचीत मात्र एक गुंज होती, आणि ती त्याने मोठ्या ऐटीत फटीतून आत सरकवली.

मादीने ती चोचीत धरली, दाबून पाहिली आणि थुंकून टाकली. "हे विष मी पिल्लांच्या पोटात घालू?"

"अगं, खायची नाही ती! एकेका गुंजेला सहा उंबरं मिळतात. माझ्याकडे पन्नास आहेत!"

"मग आणा ना सहा," मादी म्हणाली. "आत्ता आणा."

धनेश तडक बेहड्याच्या खोबणीकडे वळला. तो सगळ्या गुंजा गळ्यात भरून किंजळावर गेला आणि एकेक करून फटीपुढे मांडू लागला. "मला माझी उंबरं दे. पिल्लं उपाशी आहेत."

"देतो की," आवाज गोडच होता. "पण आधी तू कोण ते सांग. नाव काय, ढोली कुठली, ढोलीत कोण कोण आहे?"

"पण इथे नाव विचारत नाहीत म्हणे!"

"टाकताना विचारत नाही. काढताना विचारतो. आमच्याकडे शिस्त आहे."

शिस्त! ऐकलंत? उंबरं घेताना यांना शिस्त आठवली नाही, देताना बरोब्बर आठवली! धनेशाने मुकाट्याने सगळं सांगितलं. तेव्हा आवाज म्हणाला, "छान. आता सोडवणुकीची वीस उंबरं आधी टाक, म्हणजे तुझी तीनशे मोकळी होतील. असा नियमच आहे."

आणि हा गेला की हो! ओढ्यापलीकडे जाऊन त्याने दिवसभरात वीस उंबरं गोळा केली. परत येताना वाटेत बेहडा लागला. ढोलीतून धाकट्याची बारीक चिरचिर ऐकू येत होती. दोन उंबरं तरी टाकून पुढे जायचं? पण दोन दिली तर वीस भरणार नाहीत आणि तीनशे जातील, म्हणून तो थांबला नाही. सगळीच्या सगळी वीस त्याने त्या फटीत ओतली.

"उद्या ये," आवाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कितीतरी हाका मारल्या. फटीतून हूं नाही की चूं नाही. शेवटी त्याने चोचीचे घाव घालून लिंपण फोडलं. ढोली रिकामी होती. तळाशी उंबरांच्या साली आणि देठं पडली होती आणि मागच्या बाजूला चांगलं ऐसपैस भोक होतं. आवाज ऐकून वरच्या फांदीवरून शेकरू खाली उतरली. मोठ्या झुबकेदार शेपटीची, रानातली वयस्कर बाई. तिने सालींचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

"उदमांजर," ती म्हणाली. "दिवसभर इथे लोळत पडायचं आणि जागेवर उंबरं खायचं. मागच्या दाराने पहाटेच गेलं असणार."

"बाई, त्याला पकडा! सगळ्यांना गोळा करा! माझ्या पिल्लांच्या तोंडचा घास आहे तो!"

"कुणाला पकडू? रानात उदमांजर काय एकच आहे? याचं नाव काय, दिसायला कसं आहे, राहतं कुठे, तूच सांग."

"मला नाही माहीत. मी कधी विचारलंच नाही."

"मग जाब तरी कुणाला विचारायचा रे बाबा?" शेकरूने कपाळाला हात लावला. "टेकडीपलीकडे आजच एका आंब्याच्या ढोलीला ताजं लिंपण दिसलं. साळुंकी तिथे बसून ओरडते आहे. आज तिथे पोपट रांगेत उभे आहेत. मी सांगायला गेले तर मलाच म्हणतात, तुला आमचं चांगलं बघवत नाही."

धनेश ऐकायला थांबला नाही. तो उंबरावर गेला, गळा गच्च भरला आणि जीव खाऊन बेहड्याकडे उडाला. फटीशी बसून त्याने पहिलं उंबर पुढे केलं. थोरल्याने चोच वर करून ते घेतलं. त्याने दुसरं पुढे केलं. तेही थोरल्यानेच घेतलं.

"धाकट्याला दे ना गं," धनेश म्हणाला.

"धाकटं सकाळीच गेलं," मादी म्हणाली.

धनेशाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं. तो फांदीवर डोकं आपटत रडू लागला. "मला फसवलं गं! त्या आत लपलेल्या चोरट्याने मला फसवलं!"

मादीने फटीतून त्याच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, तेवढी ताकदच तिच्यात उरली नव्हती. ती म्हणाली, "तुम्हाला फसवणारा आत लपून बसला होता. आम्हाला फसवणारा रोज आमच्या दाराशी येऊन उभा राहत होता, आणि आम्ही चोची उघडून त्याची वाट बघत होतो."

तात्पर्य एवढंच : ज्याचं तोंड दिसत नाही आणि ज्याला कधी जाब विचारता येत नाही, त्याच्या फटीत घरच्यांचा घास टाकणारा नुसता जुगार हरत नाही, चोर दुसरा असला तरी आपलं घर तो आपल्याच हाताने लुटून देतो.